पहिली दोन मिनिटं

"मग फाडू की नको, एवढंच सांगा मास्तर."

मैथिलीनं मांडीवरचा कागदांचा गठ्ठा उचलून चटईवर ठेवला. ठेवला म्हणजे जवळजवळ आपटलाच.

हुपरीकर मास्तर बशीत चहा ओतत होते. त्यांनी आधी तो ओतून पुरा केला. त्यांच्याकडे प्रश्न घेऊन येणाऱ्याला हे ठाऊक असे, की उत्तर चहानंतर मिळतं. कधी कधी चहानंतरही मिळत नाही.

"कवाची हायत ही चित्रं?"

"पाच वर्षांपूर्वीची. अगदी सुरुवातीची."

"किती?"

"चौदाशे चाळीस. पहिली दोन मिनिटं."

मास्तरांनी मान हलवली आणि बशी तोंडाला लावली.

ही मैथिली चौगुले मूळची इचलकरंजीची. वडील, वसंत चौगुले, यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर. म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. दोन मागांमधल्या बोळातून चाळीस वर्षं ये-जा करून त्यांना एक अंग चोरून, जरा तिरकं चालायची सवय लागली होती. भर बाजारपेठेत, मोकळ्या रस्त्यावरही ते तसेच चालत. आईला त्याचं हसू येई आणि मैथिलीला लहानपणी त्याची लाज वाटे. मोठी झाल्यावर तिनं त्याच चालीवर सिनेमा करायला घेतला.

नऊ मिनिटांचा ॲनिमेशनचा सिनेमा. एक माणूस सकाळी घरातून निघतो, कारखान्यात जातो आणि संध्याकाळी घरी येतो. बस्स, एवढंच. संवाद नाहीत, कारण मागांच्या खडखडाटात कुणी बोलत नाही, सगळं हातवाऱ्यांवर चालतं. एका सेकंदाला बारा चित्रं, सगळी हातानं कागदावर काढलेली. कथा तिची, चित्रं तिची, रंग तिचे, आणि काही बिघडलं तर शिव्या कुणाला घालायच्या, तर त्याही स्वतःलाच.

पाच वर्षांत ती कुणाच्या लग्नाला गेली नाही. दोन नोकऱ्या सोडल्या. मान कायमची एका बाजूला आखडली.

आता शेवटची चाळीस सेकंदं तेवढी राहिली होती. वडील कारखान्यातून परत येतात आणि दारात चपला काढतात, एवढंच काढायचं होतं. आणि नेमकी तिथं ती तीन महिने अडून बसली होती.

कारण त्या पाच वर्षांत तिचा हात सुधारला होता.

यात रडण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. पण एकट्यानं असा सिनेमा करणाऱ्याच्या मुळावर नेमकं हेच येतं. शेवट काढेपर्यंत हात असा काही तयार होतो, की सुरुवात दुसऱ्याच कुणीतरी काढल्यासारखी दिसायला लागते. कंपनीत शंभर माणसं असतात, त्यांच्यावर देखरेख असते, तिथं हे झाकलं जातं. एकटीचं काही झाकलं जात नाही.

"शेवट का करत न्हाईस?" मास्तरांनी विचारलं.

"सुरुवात अशी असताना शेवटाला हातच लागत नाही. पुण्यात काही जणांना मधला भाग दाखवला, सगळे वा वा म्हणाले. मग सुरुवात लावली…"

"मग?"

"एकजण म्हणाला, ही कुणाकडून काढून घेतली?"

मास्तर हसले. मैथिली हसली नाही. तिला आपल्या तयार हाताचा गर्व झाला होता, आणि तो गर्व खोटा नव्हता, हीच तर अडचण होती.

"नव्यानं काढायला किती दिवस?"

"आठ महिने. झपाटून बसले तर सात."

"आन् बाबांचं डोळं काय म्हणत्यात?"

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं.

वडिलांना काचबिंदू झाला होता. कळलं तेव्हा उशीर झाला होता. कडेनं अंधार आत सरकत होता आणि आता मध्ये थोडंसं दिसायचं राहिलं होतं. जे आहे ते सहा महिने टिकेल, कदाचित वर्षभर, त्यापुढचं सांगता येत नाही, असं मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. दर रविवारी फोनवर ते विचारत, "झाला का गं तुझा पिक्चर?" आणि ती दर रविवारी म्हणे, "होत आलाय बाबा."

"त्यांच्यासाठीच तर हे सगळं," ती म्हणाली. "एकदाच बघतील ते. मग एकदा बघायचं ते चांगलं नको का दिसायला?"

मास्तरांनी गठ्ठा जवळ ओढला, वरचे मूठभर कागद डाव्या हातात एका कडेनं घट्ट धरले आणि उजव्या अंगठ्यानं ते सोडायला सुरुवात केली. फर्रर्र आवाज झाला आणि कागदावर एक माणूस दारातून निघाला, तिरका तिरका चालू लागला.

त्यांनी पुन्हा सोडले. पुन्हा तो माणूस निघाला.

तीस वर्षं मुंबईत जाहिरातींची हलती चित्रं काढून मास्तर कोल्हापूरला परत आले होते. मैथिली कॉम्प्युटरवर सगळं शिकून त्यांच्याकडे आली, तेव्हा त्यांनी तिला वर्षभर नुसतं गळणाऱ्या नळाचं चित्र काढायला लावलं होतं. त्यांची नजर कशी आहे हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"वाईट हायत," मास्तर म्हणाले.

स्वतःच्या तोंडानं ती तीन महिने हेच सांगत होती, पण मास्तर 'तितकी काही वाईट नाहीत गं' म्हणतील, अशी आशा कुठंतरी होतीच.

"गुडघा चुकलाय. वजन पायावर येतच न्हाई. ह्यो चालत न्हाई, तरंगतोय."

"म्हणजे फाडू ना?"

"पेन्सिल हाय का जवळ?"

तिच्याकडे पेन्सिल नाही असं कधी झालंच नव्हतं.

"ह्ये पहिलं चित्र आज काढशील तसं काढ."

ती काढायला लागली. दारात उभा असलेला माणूस, एक हात चौकटीला, एक पाय उंबऱ्याबाहेर पडण्याच्या बेतात. पाच मिनिटंही लागली नाहीत. खांद्याची ती चोरलेली ठेवण, झिजलेल्या चपलेवर आलेला भार, सगळं बरोबर जागेवर पडलं. तिचं तिलाच बरं वाटलं.

मास्तरांनी कागद उजेडाकडे धरला आणि बराच वेळ पाहिला.

"झक्कास." त्यांच्या आवाजात कौतुक होतं, आणि ते खरं होतं. "तुझ्या वयाला माझा हात असा न्हवता."

मैथिलीला वाटलं, झालं, सुटले. ती गठ्ठ्याकडे हात नेणार एवढ्यात मास्तरांनी जुनं पहिलं चित्र तिच्यापुढं सरकवलं.

"आता ह्ये काढ. हाय तसं."

"हे? हे कशाला?"

"काढ तर."

तिनं हसत हसत पेन्सिल टेकवली. वाईट काढायला काय लागतं? पण रेघ आपोआप वळणावर गेली आणि गुडघा बरोबर बसला. तिनं खोडलं. मुद्दाम चुकवायला गेली, तर ती चूक मुद्दाम केलेली दिसायला लागली. जुन्या चित्रातल्या माणसाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं होतं, आणि काढणारीला ते मोठं आहे हे कळलेलंच नव्हतं. आता तिला कळत होतं. तेच आडवं येत होतं.

तिसरा कागद तिनं चुरगळून टाकला.

"नाही येत मास्तर. इतकं वाईट आता मला नाही येत."

"मग ही काढणारी कुठं गेली?"

मैथिली पेन्सिलीचं टोक तपासायला लागली.

"न्हाई, इचारतोय आपला. चौदाशे चाळीस चित्रं काढून गेली. तिला परत बोलवायची म्हटली तर येईल का?"

मैथिलीला राग आला. असले प्रश्न तिला नको होते. तिला हो किंवा नाही हवं होतं.

"मास्तर, पुण्यातला माणूस हसला मला."

"हसू दे की."

"तुमचं ठीक आहे. तुम्हाला कोण हसलंय आजवर?"

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. मास्तरांना मात्र त्याचं काहीच वाटलेलं दिसलं नाही. ते भिंतीला धरून उठले आणि आतल्या खोलीत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ ते आले नाहीत. मग आले ते छातीशी चार गठ्ठे धरून, प्रत्येक गठ्ठा परकराच्या नाडीनं बांधलेला.

चारही त्यांनी तिच्यापुढं ओळीनं मांडले.

"बघ."

तिनं पहिला सोडला. कागद पिवळे पडले होते, कडा झिजल्या होत्या. अंगठ्याखालून ते निसटू लागले आणि पाण्यात बसलेली एक म्हैस हळूहळू उठली. बेढब म्हैस. पाय काठ्यांसारखे होते.

"ही तुमची?" तिला हसू आलं.

"दुसरा बघ."

दुसऱ्या गठ्ठ्यातही पाण्यात बसलेली म्हैस उठली. ही जास्त चांगली होती. तिसऱ्यात पुन्हा तीच म्हैस, आणि आता ती उठताना आधी मागचे पाय सरळ करत होती, खरी म्हैस करते तशी.

चौथा गठ्ठा तिनं सोडला आणि तिचा अंगठा थांबला. तिनं तो पहिल्यापासून पुन्हा सोडला, मग आणखी एकदा. पाणी पाठीवरून ओघळत होतं. म्हशीनं कान झटकला आणि एक थेंब हवेत गेला. त्या अवजड जनावराला उठायचा आलेला कंटाळासुद्धा दिसत होता. इतकं सुंदर काम तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"मास्तर… हे कधी केलंत?"

"बावीस वर्षं करत हुतो. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी. ती म्हस तळ्यातनं उठती आन् एकटीच गावातनं घरला जाती. वाटंत तिला कोण कोण भेटतं, असं हुतं सगळं. डोक्यात पुरं हुतं."

"मग पुढं?"

मास्तरांनी चौथ्या गठ्ठ्याची नाडी बोटाला गुंडाळली आणि सोडली.

"पुढं कुठं. ही अजून पान्यातनंच उठतीया."

बाहेर कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला.

"दर बारीला वाटायचं, आता हात बसला, आता सुरवात नीट करू, मग पुढं जाऊ. आमची ही दळण निवडायला बसली की इचारायची, अहो, म्हस घरला कवा जायाची? मी म्हणायचो, जाईल की, आधी नीट उठू तर दे. न्हाई बघाय मिळालं तिला. मलाबी न्हाई. वाटंत कोन भेटायचं हुतं, ते आता आठवतबी न्हाई नीट."

मैथिलीला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. मास्तरांची बायको तिनं पाहिली नव्हती. तरी ती बाई दळण सोडून मान वर करून विचारते आहे, असं तिला दिसलं. आणि लगेच रविवारचा फोन आठवला. वडील तिकडून विचारतात आणि मागं आई म्हणते, अहो, सारखं सारखं नका विचारू, पोरगी कामात असेल.

तिनं डोळे पुसले. मग आपला गठ्ठा ओढून घेतला आणि त्याच्या कडा ठोकून ठोकून सारख्या केल्या. फाडायचं नाही, हे तिचं ठरलं होतं. ठरलं होतं, पण मन अजून कुरकुरत होतंच.

"शेवट करते," ती म्हणाली. "अडीच-तीन महिन्यांत करते. दिवाळीला घरी भिंतीवर पडदा लावून दाखवते."

"हं."

"पण मास्तर…" ती दारापर्यंत जाऊन परत वळली. "पहिली दोन मिनिटं बघवणार नाहीत हो. बाबा टक लावून बसतील. एवढंसं दिसतं त्यांना, त्यात पहिलं काय दिसणार, तर हे. पाय धड पडत नाही, तोल नाही. काय वाटेल त्यांना?"

मास्तर म्हशीचे गठ्ठे बांधत होते. चौथी गाठ बसेपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही.

"घरला जा," ते म्हणाले. "बाबांना इचार, तू चालायला लागलीस तवा पहिलं पाऊल कसं टाकलं हुतंस… आन् ते सांगत असताना त्यांच्या तोंडाकडं बघ."