वैद्याच्या दारात न गेलेली बातमी

डोंगराच्या कुशीत पाथरवटांची काही गावं होती. दगड काढायचा, जाती-पाटे घडवायचे, बाजारात नेऊन विकायचे. धूळ एवढी, की भाकरीतसुद्धा कचकच लागायची. चाळिशीला आलेली माणसं खोकायला लागत. काहींच्या छातीत गाठ धरायची आणि ती गाठ माणूस खाऊन टाकायची.

नदीपलीकडे आपाजी नावाचा वैद्य एकटा राहायचा. रोग्याच्या पाठीवर बोटं ठोकायचा, कान लावायचा आणि गाठ आहे की नाही ते सांगायचा. मुळ्या उकळून त्यानं एक काढा बसवला होता. रोगी यायचा, काढा न्यायचा, थोडे दिवस येत राहायचा आणि मग यायचा बंद व्हायचा. आपाजी म्हणायचा, "आणखी एक बरा झाला. बरा झालेला माणूस वैद्याकडे कशाला फिरकेल?" खोटं बोलत नव्हता तो. त्याला मनापासून तसंच वाटायचं. सोयीचं वाटायला कष्ट कुठं पडतात!

नाव पसरलं, राजाच्या कानावर गेलं. राजाचा धाकटा भाऊ जयसिंगराव याच रोगानं झिजत होता. राजानं आपाजीला बोलावून सांगितलं, "तुमच्या काढ्यानं बरी झालेली पाच माणसं दरबारात आणा. खात्री पटली, की माझ्या भावाला हाच काढा आणि सगळ्या राज्यालाही हाच. बाकीच्या वैद्यांनी आपापली खटपट बंद करायची. तुम्ही राजवैद्य."

"पाच काय, पन्नास आणतो," म्हणाला आपाजी.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच तो, काढा नेऊन यायचा बंद झालेल्या भिवा पाथरवटाच्या दारात गेला. भिवाची बायको तानुबाई पाट्याला टाकी लावत बसली होती.

"भिवा कुठाय?"

तिनं टाकी थांबवली नाही. "तो केव्हाच गेला की. तुमचा काढा संपायच्या आत."

"गेला? आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"मयताची बातमी वैद्याच्या उंबऱ्याला न्यायची नसते, वैद्यबुवा. हाताचा गुण जातो. तुमचा गुण गेला तर बाकीच्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? आमच्याकडची सगळी गावं पाळतात हे."

आपाजी पुढच्या घरी गेला. मग पुढच्या गावी. कुठं विधवा, कुठं पोरकी पोरं, कुठं दाराला नुसतं कुलूप. एक म्हातारा म्हणाला, "एवढ्या मायेनं औषध दिलंत. पोरगा मेला हे तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगायचं?"

शेवटी एक जिवंत सापडली. चंद्राक्का. गोठ्यात म्हशीला शिव्या घालत उभी होती, धडधाकट. आपाजीला भरून आलं.

"अक्का, काढ्यानं बरी झालीस ना?"

"कसला काढा! एक घोट घेतला, तोंड वाकडं झालं. उरलेला उकिरड्यावर ओतला."

"मग खोकला कसा गेला?"

"चुलीवर धुराडं बसवलं. धुरानं खोकत होते मी. तुम्ही पाठ ठोकून गाठ सांगितलीत, म्हणून घरदार रडलं ते वेगळंच."

आपाजी तिथंच ओट्यावर बसला. काढा तर फसलाच होता, बोटंही फसली होती.

हे पाटलाच्या कानावर गेलं. राजवैद्य आपल्या मुलखातला व्हावा, अशी त्याला हाव होती. तो म्हणाला, "पाच गडी मी देतो. बरे झालो म्हणून सांगतील. राजा काय छाती फाडून बघणार आहे?"

"आणि जयसिंगराव?"

"ते मरायचेच आहेत. काढा पिऊन काय, न पिऊन काय."

आपाजी हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. पाच गडी बरोबर घेऊन चालायला लागला. राजवैद्य व्हायचं कुणाला नको असतं? राजवाड्याच्या दरवाजाशी त्यातला एक तरणा गडी खोकला. "धूळ गेली घशात," म्हणाला आणि छाती चोळायला लागला. आपाजी त्याच्याकडे बघत राहिला. उद्या याला गाठ धरली तर हाच फसलेला काढा याच्या नशिबी, आणि दुसरं औषध शोधायला कुणी उरणार नाही. त्यानं पाचही जणांना तिथूनच माघारी लावलं.

"माणसं कुठायत?" राजानं विचारलं.

"मेली, महाराज. जी एक जगली तिला रोगच नव्हता. मेल्याची बातमी माझ्या दारात आणायची नाही असा आमच्याकडे रिवाज आहे. पण मीही कधी कुणाच्या दारात जाऊन बघितलं नाही."

राजा लालबुंद झाला. "एवढी वर्षं लोकांना फसवलंत, आणि वर तोंड करून सांगताय? चालते व्हा!"

लोडाला टेकलेला जयसिंगराव धापा टाकत म्हणाला, "दादा, थांबा. वैद्यबुवा, दुसरं काही आहे तुमच्याकडे?"

"एक नवं करून बघतोय. गुण येईल असं सांगवत नाही. न येण्याचाच संभव जास्त."

जयसिंगरावाला हसू आलं, हसता हसता ढास लागली. "आजवर जो आला तो 'बरे व्हाल' म्हणून गेला. असं बोलणारा हा पहिलाच. द्या ते औषध. आणि दादा, मी गेलो तर आधी बातमी याच्या दारात धाडा. हाताचा गुण जाऊ दे खड्ड्यात."

राजानं आपाजीला राजवैद्य केलं नाही. पण दुसऱ्या वैद्यांची खटपटही बंद केली नाही.

जयसिंगराव पावसाळा काढून गेला. स्वार नदी उतरून बातमी घेऊन आला, तेव्हा आपाजी जेवत होता. त्यानं हात धुतला आणि निघाला. राजवाड्यात रडणं ओसरेपर्यंत तो खाली मान घालून बसला. मग जयसिंगरावाच्या बायकोला त्यानं विचारलं, "बाईसाहेब, पहिल्यांदा रक्त कधी पडलं? कुठल्या कुशीवर निजायचे? औषधानं एक दिवस तरी बरं वाटलं का?" तिनं डोळे पुसत सगळं सांगितलं. काही म्हणजे काही लपवलं नाही.

घरी येऊन आपाजीनं तो नवा काढा ओतून दिला आणि दुसऱ्या मुळ्या शोधायला डोंगर चढला.

तात्पर्य: जो परत आला नाही तो बरा झाला असं धरून बसू नये, त्याच्या दारात जाऊन बघावं. आपलं औषध फसलं हे जो कबूल करतो, त्यालाच पुढचं औषध शोधता येतं.