झिऱ्याचं पाणी

“रोज दोन-दोन ओळी टाकल्या म्हणून कुणाचं लिहिणं आटतं का, बुवा?”

श्रीरंगने हे विचारलं तेव्हा तो अजून मठीच्या पायरीवरच उभा होता. नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही.

अच्युतबुवा पूर्वी शाळेत मास्तर होते. श्रीरंगला पाटीवर अक्षरं त्यांनीच गिरवायला लावली. आता श्रीरंग स्वतःला लेखक म्हणवून घेत होता आणि खोटं कशाला बोला, होताही. ‘ओसरी’ नावाचा त्याचा ब्लॉग होता. महिन्याला एखादाच लेख यायचा, पण वाचणारे वाट पाहायचे. मग त्याला स्टेटसची चटक लागली. सकाळी चहाबरोबर दोन ओळी, दुपारी जेवताना दोन. लोक लाइकचे अंगठे देत आणि हा हरखून जाई.

वडलांना जाऊन तीन महिने झाले होते. अण्णांवर त्याला एक लेख लिहायचा होता. तेवढा एकच. पण लिहायला बसला की पहिल्याच ओळीला हात थांबत होता.

“आधी पाणी आण,” बुवा म्हणाले. “मग बोलू.”

मठीचा रिवाजच तसा. उन्हाळ्यात नदी आटली की पात्रातल्या वाळूत झिरा उकरायचा. हातभर खड्डा, त्याच्या तळाला पाणी सावकाश पाझरतं, साचून निवळतं. येणाऱ्याने आपलं पाणी आपणच वाटीने तांब्यात भरून आणायचं.

श्रीरंगने तळाला चमचाभर ओल दिसली की ती वाटीने खरवडून घेतली. तांब्यात ओतली. पुन्हा खरवडली. घटकाभरात तांब्या भरून मोठ्या ऐटीत परत आला.

बुवांनी आत डोकावून पाहिलं. पाणी चहासारखं गढूळ होतं. त्यांनी तांब्या बाजूला ठेवला.

“अण्णा शेवटी काय बोलले रे?”

“आहे ना माझ्याकडे.” श्रीरंगने फोन काढला. दवाखान्यातल्या अकरा दिवसांचं बारीकसारीक सगळं त्यात होतं. “हे बघा. ‘अण्णांनी आज डोळे उघडले. विचारलं, परसातल्या शेवग्याला शेंगा लागल्या का रे?’ चारशे लोकांना आवडलं हे, बुवा.”

“मग तू काय सांगितलंस?”

“कुणाला?”

“अण्णांना.”

श्रीरंगने फोन खाली घेतला.

“सांगणारच होतो... म्हटलं, आधी हे टाकून घ्यावं. त्यांचे शब्द जसेच्या तसे राहावेत म्हणून.”

“बरं. मग?”

“ते पुढं काहीतरी बोलत होते. मी हं हं म्हणत होतो... वर पाहिलं तर डोळे मिटलेले. वाटलं, झोप लागली.”

“काय बोलत होते?”

श्रीरंग फोनवर बोट फिरवत राहिला. त्या दिवसाचे आणखी दोन स्टेटस होते. दोन्हींत लोकांचे आभार मानलेले. अण्णांचं पुढचं वाक्य कुठंच नव्हतं. शेंगांबद्दल बोलत होते, की आईबद्दल, की त्याच्याबद्दल... आता कुणाला विचारणार?

“मी तिथंच होतो, बुवा,” तो म्हणाला. “उशाशी बसलो होतो मी.” आणि त्याला रडू फुटलं.

बुवांनी त्याला रडू दिलं. समजूत घालायला ते पुढं झाले नाहीत.

ऊन पायरीवरून खाली उतरलं, तेव्हा श्रीरंगने डोळे पुसले. फोन पिशवीत टाकला. गढूळ पाणी कडुलिंबाच्या बुडाशी ओतलं आणि तांब्या-वाटी घेऊन पुन्हा नदीकडे निघाला.

बुवांनी हात पुढं केला.

“वाटी इथं ठेवून जा. आज नुसता झिऱ्यापाशी बस.”