वाळूतली वल्ही

“कोळ्यांनी आरमारात स्वखुशीने यावे, स्वखुशीने टिकावे, आणि जो स्वखुशीने येणार नाही त्याला फटके बसतील!” देवखोलचा राजा चित्रसेन याने असा हुकूम काढला, आणि एवढे करूनही लोकांची खुशी काही वाढेना.

योजना तशी उत्तम होती. निदान दरबारात तरी कोणाला तिच्यात खोट दिसली नाही. मलाही कदाचित दिसली नसती. एरवी कोळ्यांनी मासे मारावेत, पुनवेला-अवसेला कवायतीला यावे, आणि चाचे आलेच तर लढावे. पगार नाही. वल्हे आपले, भाकरी आपली. समुद्रावरचे प्रेम मात्र सरकारी! पुनव-अवस हे मुहूर्त राजज्योतिष्याचे. नेमक्या त्याच दिवसांत उधाणाच्या पाण्याने जाळी भरतात, पण पंचांगात तसे कुठे लिहिले नव्हते.

कवायतीवर नेमले सुभानरावांना. ते घाटावरचे नामांकित घोडेस्वार. पाणी त्यांनी तोवर तांब्यातच पाहिलेले.

“आधी बैठक, मग पाणी!” असे म्हणून ते कोळ्यांना वाळूत रांगेने बसवत आणि वाळूतच वल्ही मारायला लावत. पहिल्या कवायतीला किनारा भरून गेला. दुसरीला निम्मे आले. तिसरीला तिघे, आणि त्यातलाही एक हरवलेली बकरी शोधत आला होता.

राजा खवळला. त्याने कोळीवाड्याच्या पाटलाला बोलावले. पाटील तापाने फणफणलेला. म्हणून त्याची सून चांगुणा, डोक्यावरची मासळीची पाटी दारात ठेवून, दरबारात उभी राहिली.

“कोणीतरी एक पळपुटा सगळ्यांना फितवतो आहे,” राजा गरजला. “पुढच्या कवायतीला तो माझ्यासमोर उभा कर! नाहीतर कोळीवाड्यातली एकूण एक होडी किल्ल्यावर ओढून नेईन!”

चांगुणाला सगळे ठाऊक होते. पळपुटा असा कोणी नव्हताच. जो तो आपापल्या कंटाळ्याने उठून गेला होता. नाव घ्यावे तर निरपराध्याच्या पाठीची साल जाणार. न घ्यावे तर वाडा उपाशी मरणार.

“महाराज,” ती म्हणाली, “पळपुटा ओळखायचा कसा?”

“त्यात काय ओळखायचं! आपल्या मर्जीनं आला आणि कवायत संपायच्या आत उठून गेला, तो पळपुटा!”

“मग तो कोणी का असेना?”

“माझा सख्खा भाऊ असला तरी पन्नास फटके!”

“मग सापडला म्हणून समजा. पण महाराज, असली माणसं लांबून दिसत नाहीत. वेष पालटून रांगेतच बसावं लागेल. याल का मर्जीनं?”

“मर्जीनं नाही तर काय? मला हुकूम देणारा अजून जन्मायचाय!”

घरी येऊन चांगुणाने वाड्यातल्या बाप्यांना हात जोडले. “एवढा एक दिवस दातओठ खाऊन बसा रे! ऊन लागो, इंगळी चावो, कोणी उठायचं नाही. होड्या जातील!”

पुनव आली. लाल टोपी घालून, कमरेला कोळ्याचा रुमाल बांधून राजा रांगेत बसला. आधी सुभानरावांचे समुद्रावर भाषण झाले. ते संपेपर्यंत ओहोटी लागली. मग तापल्या वाळूत वल्ही सुरू झाली.

“ए लाल टोपी!” सुभानराव राजावरच ओरडले. “वल्हं आहे ते, उलथनं नव्हे! आईनं काही शिकवलं की नाही?”

राजाने ओठ चावला. हाताला फोड आले. घशाला कोरड पडली. पाणी मागितले, तर शेजारचा गोमा म्हणाला, “गप बस रे बाबा! पाणी मागितलं की पुन्हा पहिल्यापासून!”

राजाने वल्हे फेकले आणि तो तरातरा माडांच्या सावलीकडे चालू लागला.

डोक्यावर पाटी घेतलेली चांगुणा आडवी आली. “कुठं निघालात, दादा?”

“घरी! हा शुद्ध गाढवपणा आहे! वाळूत कोणी वल्ही मारतं का?”

“सापडला!” चांगुणा बेंबीच्या देठापासून ओरडली. “सरदार, पळपुटा सापडला!”

सुभानराव चाबूक उगारून धावत आले. त्यांनी मानगूट धरली, टोपी गळून पडली, आणि सुभानराव तसेच चाबकासकट गुडघ्यांवर बसले.

“महाराज,” चांगुणा हात जोडून म्हणाली, “मर्जीनं आला, संपायच्या आत उठला. बाकी सगळे बघा, अजून बसलेत! आता ते पन्नास फटके इथं खाणार की राजवाड्यात पाठवून देऊ?”

राजा क्षणभर लालबुंद झाला, आणि मग पोट धरून असा हसला की रांगेतल्यांची वल्हीसुद्धा थांबली.

“हरलो, बाई! होड्या तुमच्या तुम्हाला राहू देत. पण एवढं सांग, हा पळपुटा टिकवायचा कसा?”

“उधाणात त्याला त्याची जाळी भरू द्या. पाण्याची ओढ मंदावते ते भांगाचे दिवस आम्ही रिकामेच असतो, तेव्हा बोलवा. आणि महाराज, बोलवाल तर पाण्यात बोलवा! वाळूवर कोळी येतो तो मासळी सुकवायला, स्वतः सुकायला नव्हे!”

राजा पुन्हा हसत सुटला. त्याने गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून चांगुणाच्या पाटीत टाकला, कवायत तिच्या सासऱ्याच्या हाती दिली, आणि सुभानरावांना पहिल्या होडीत, पहिल्या वल्ह्यावर बसवले. अर्थात, स्वखुशीने!