उखाबाचं ऊन

नक्की साल विचारू नका, कारण आमच्या गावात प्रत्येक जण वेगळं सांगतो. फार वर्षांपूर्वी, खानदेशात, नदीच्या बांधावरून पाट काढलेलं आमचं गाव होतं आणि त्या गावात उखा नावाचा पाटकरी होता. पाटाचं पाणी कोणत्या शेतात किती वेळ सोडायचं, हे तो ठरवायचा. शेतांच्या पट्ट्यांना आमच्याकडे फड म्हणतात. सकाळी वरच्या फडाला दहा घटका, दुपारी शेवटच्या फडाला दहा घटका.

घटका मोजायला तांब्याची वाटी होती, बुडाला बारीक भोक असलेली. ती पाण्याच्या घंगाळात सोडायची. भरून बुडाली की एक घटका झाली. वाटी देवीची, म्हणून चावडीच्या आतल्या खोलीत, दार लावून ठेवलेली. उखाबा रोज पहाटे तिची पूजा करायचा आणि दिवसभर एकटाच तिच्यापाशी बसायचा. माणूस इतका सरळ, की कुणाच्या झाडाचा पेरूही त्याने कधी चाखला नव्हता, असं म्हणतात.

आणि तरीही शेवटच्या फडातला गहू दरवर्षी सुकायचा. एका वर्षी तर दाणा भरेना. चार घरांनी गाव सोडायची तयारी केली. तेव्हा त्या फडातली बनाबाई चावडीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "उखाबा, आमनं पानी कोठे जास?"

वरच्या फडाचे हिलाल पाटील भडकले. देवमाणसाला असं विचारतात का? पण उखाबाला वाईट वाटलं, खूप वाटलं. दोन दिवस तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी पूजा आटोपून त्याने घंगाळ उचललं, वाटी घेतली आणि दोन्ही नेऊन गावाच्या मधोमध पारासमोर मांडली.

"माले माहीत नही, बाई," तो म्हणाला. "आते सगळा मिळीसन देखूत."

आता घटका लांब की आखूड, हे कळणार कसं? बनाबाई म्हणाली, मी जात्यावरच्या ओव्या म्हणते. सकाळी वाटी बुडायला साठ ओव्या लागल्या. दुपारी पंचेचाळीसच झाल्या आणि वाटी गडप! पाटील म्हणाले, बाई दमली, हळू गायली. लोक म्हणाले, बरं, मग उद्या तुम्हीच गा. पाटलांना एक आरती तेवढी येत होती. त्यांनी ती सकाळी म्हटली, दुपारी म्हटली, पारावरची कुत्री उठून नदीपलीकडे गेली म्हणतात. पण मोजणी तीच निघाली. दुपारची घटका आखूडच होती.

उखाबाने तिसऱ्या सकाळी वाटी उन्हात धरली. बुडाच्या भोकात पहाटेच्या पूजेचं ओलं कुंकू बसलं होतं. म्हणून सकाळी पाणी हळूहळू शिरायचं आणि वाटी उशिरा बुडायची. दुपारपर्यंत कुंकू धुऊन जायचं. चाळीस वर्षं हे चाललं होतं, आणि बंद खोलीत कुणाला दिसणार?

"चूक मनी शे," उखाबा म्हणाला. "मनाच हातनी शे."

लोक म्हणाले, जाऊ द्या, सावलीत या. तो येईना. ज्यांचं पाणी गेलं त्यांचं विचारून होऊ दे, मग येतो, म्हणाला. शेवटच्या फडाच्या माणसांनी विचारलं, बायकांनी विचारलं, म्हाताऱ्यांनी विचारलं. उखाबा उन्हात उभा राहून प्रत्येकाला उत्तर देत होता, आणि विचारणं संपेपर्यंत सूर्य मावळला नाही, असं म्हणतात. वरच्या फडात त्याचं स्वतःचं शेत होतं. त्या हंगामाचं आपलं सगळं पाणी त्याने खालच्यांना दिलं. ते पाणी चढावरूनही धावत गेलं आणि कोमेजलेला गहू संध्याकाळपर्यंत गुडघ्याचा कमरेला आला, असंही म्हणतात. गहू मी पाहिला नाही, पण चारही घरं गावातच राहिली, त्यांची नातवंडं मला माहीत आहेत.

तेव्हापासून वाटी पारावरच असते आणि पूजा भरदिवसा होते. हंगाम सुरू होताना गाव पारावर सावलीत बसतं आणि ज्याच्या हाती गावाचं काम आहे तो समोर उन्हात उभा राहतो. याला आम्ही 'उखाबाचं ऊन' म्हणतो. पहिला प्रश्न शेवटच्या फडाचा. उत्तर पटेपर्यंत कुणी उठत नाही.

गेल्या खेपेला सरपंच सुकलालभाऊ उभे होते. नळाची मोटर बारा दिवस बंद का होती? "चौकशी चालू आहे," ते म्हणाले. कुणी हललं नाही. "वरून मंजुरी यायची होती." कुणी हललं नाही. एका म्हातारीने त्यांना तांब्याभर पाणी नेऊन दिलं आणि पुन्हा जागेवर येऊन बसली. सुकलालभाऊ पाणी प्यायले, त्यांनी घाम पुसला, आणि म्हणाले, "किल्ली मना खिसामा व्हती. मी सालीना लगीनले गयथू."

पार हसून हसून लोळला. दुसरी किल्ली पारावरच्या खिळ्याला टांगायचं तिथल्या तिथे ठरलं. मग म्हातारीनेच उठून सरपंचांचा हात धरला आणि त्यांना सावलीत आपल्या शेजारी बसवलं.