वाऱ्याचा आकडा

“बाबा, तासभर... फक्त तासभर वारा थांबवता येईल का हो?”

पठारावरच्या दर्ग्याच्या पायरीवर गुलाबशा फकीर शेंगा सोलत बसले होते. त्यांनी वर पाहिलं आणि खो खो हसले.

“अरे मिठारी, तू पवनचक्क्यांचा मॅनेजर ना? गेल्या जुम्म्याला वारा येऊ दे म्हणून चादर चढवून गेलास. आज थांबवा म्हणतोस. वरच्यानं तरी काय समजायचं?”

शैलेंद्र मिठारीला हसू येईना. जीप चालूच ठेवून तो पळत आला होता. धाप लागली होती.

“आज माझी बढती ठरणार आहे, बाबा! बेचाळीस चक्क्या गरगर फिरतायत, सात नंबरची तेवढी रुसलीय. पाचच्या आत ती फिरली की मी पुण्याच्या हापिसात! तीन वर्षं काढली इथं. जेवताना फोन, आंघोळीला फोन. सुट्टी नाही. पोरगी मला ‘फोनवाले काका’ म्हणते!”

“मग फिरव की.”

“माणसं वर चढवावी लागतात. नवनाथ आणि हणमंता बेल्ट बांधून उभे आहेत. पण वारा सेकंदाला बारा मीटरच्या वर गेला की चढायचं नाही, असा नियम. आत्ता सोळा आहे.”

“मग?”

शैलेंद्रनं खिशातून परवानगीचा कागद काढला.

“मी यावर... अकरा लिहिलंय. सकाळी अकराच होता हो! सहीसुद्धा केलीय, फक्त त्यांच्या हातात द्यायचा राहिलाय. तुम्ही दुआ करा, तासभर अकरावर येऊ दे. नवनाथची बायको बाळंत होऊन आठच दिवस झालेत...”

हे शेवटचं तोंडातून का निघालं, त्याचं त्यालाच कळेना.

फकिरांनी मांडीवरची टरफलं झटकली.

“दे इकडं.”

कागद तळहातावर ठेवून त्यांनी हात उघड्यावर धरला... आणि बोटं सोडली.

फर्रकन उडाला कागद!

“बाबा! अहो!”

शैलेंद्र धावत सुटला. कागद झुडपाला अडकला, हात लावणार तोच सुटला, कड्याच्या दिशेनं निघाला. हा मागं! कडा दहा पावलांवर असताना वाऱ्यानं त्याला असं ढकललं की तो गुडघ्यांवर आला. दोन्ही मुठींत गवत घट्ट धरलं. कागद कड्यापलीकडं दिसेनासा झाला.

तीन वर्षं त्यानं वारा संगणकावरच बघितला होता.

तसाच गुडघ्यांवर बसून त्यानं फोन लावला.

“नवनाथ! बेल्ट सोडा रे! हो, दोघंही! आज कुणी चढायचं नाही. तू घरी जा, बाळाला बघून ये!”

तो गुडघ्यांची माती झटकत परत आला. तेवढ्यात फोन वाजलाच. पुण्याहून. त्यानं उचलला, ऐकलं आणि फोनवर हात ठेवला.

“साहेब तो कागद मागतायत, बाबा. काय सांगू?”

फकिरांनी नवी शेंग फोडली.

“सांग... वाऱ्याला वाचायला दिलाय.”