होयाची टेकडी

पाहुणे, ही समोर दिसते तिला टेकडी म्हणायचे, पण ही काही डोंगराची लेक नव्हे. नुसती धोंड्यांची रास. हिला होयाची टेकडी म्हणतात. हिच्यावर गवताची काडी उगवत नाही.

फार पूर्वी इथे जिवंत झरा होता म्हणे. गावात तीन आळ्या, तीन तट. पोळ्याला पहिला बैल कुणाचा, यावरून डोकी फुटायची. आधी एकटा पाटील आपल्या लहरीने न्याय करी. तो जाच गेला आणि धोंड्यांचा कौल आला. ते चांगलेच झाले, खोटे कशाला बोला. होय असेल तर झऱ्याच्या अंगाला धोंडा टाकायचा, नाही असेल तर खाली चिंचेपाशी. रास मोठी तिकडे गाव.

ठकूबाई खालच्या चार झोपड्यांतली. झऱ्याचे वाहून आलेले पाणी, तेच त्या चार चुलींना. ते वळवून आळ्यांच्या मळ्यांना द्यावे, यावर कौल लावायचे ठरले. एरवी कशावर न जुळणारे तिन्ही तट यावर मात्र एका तोंडाने होय म्हणाले. वरल्या आळीचा म्होरक्या हैबती, त्याला ठकूबाई म्हणाली, "दादा, तहान काय माणसं मोजून लागती व्हय?"

हैबती हसला. "तुझा बी धोंडा टाक की. कोण नको म्हणतंय?"

चिंचेखाली चार धोंडे पडले. वर मात्र तटांना ईर्ष्या चढली. आपला होय मोठा दिसावा म्हणून मधल्या आळीने जात्याएवढे धोंडे आणले, तर देवळाच्या आळीने गाड्याच जुंपल्या. झरा बुजत चाललेला सगळ्यांना दिसत होता. पण आपला धोंडा उचलला की आपला होय गेला. "आधी त्यांना उचलू द्या," जो तो म्हणे. सांजेला झऱ्याचा आवाज थांबला.

ठकूबाई चिंचेखाली बसून राहिली. "आई, आमचं ‘नाही’ तू तरी ऐक," असे ती भुईला म्हणाली, असे सांगतात. दुसऱ्या दिवशी तिच्या धोंड्याखालची माती ओली झाली, आणि मग पाणी वाहू लागले.

सारे गाव घागरी घेऊन खाली आले. आणि पाहुणे, आल्या आल्या भांडू लागले, पहिली घागर कुठल्या आळीची. हैबती म्हणाला, "कौल लावू."

ठकूबाईने आपली घागर भरून डोक्यावर घेतली. "लावा की. पर धोंडे वरनं उचलून आणायचे. इथला एक बी मिळायचा न्हाई."

आपला होय उचलायला कुणी वर गेले नाही.

आजही इथे पाणी भरायला येणारा आधी उभा राहतो, "कुणाचं ‘नाही’ आहे का?" असे विचारतो, आणि खालच्या वस्तीने ‘भर’ म्हटल्याशिवाय घागर बुडवत नाही. वरचा धोंडा आजही कुणी उचललेला नाही. निवडणूक आली की सगळ्यांचे झेंडे त्या टेकडीच्या माथ्यावरच लागतात. तहान लागली की खाली येतात.