बेद्दूचा खांदा

एका बेटावरच्या एका लहानशा गावात बेद्दू नावाचा मोठ्या आवाजाचा माणूस राहायचा. बेट इंडोनेशियातलं, सुलावेसी नावाचं. गाव मातकट पाण्याच्या नदीकाठी. भाताची खाचरं, नारळाची झाडं, एक मशीद, आणि मोबाइलला रेंज हवी असेल तर मशिदीच्या पायऱ्यांवर जाऊन उभं राहायचं. एवढंच ते गाव.

तिथली घरं लाकडाची असतात, उंच खांबांवर उभी. खाली कोंबड्या, बदकं आणि मोटारसायकल. वर माणसं. वरची जमीन बांबूच्या पट्ट्यांची, आणि दोन पट्ट्यांमध्ये फट ठेवलेली. फटीतून वारा वर येतो आणि केर खाली जातो.

आपल्याकडे घर हलवायचं म्हणजे सामान हलवतात. तिथं घरच हलवतात. खांबांना आडवे बांबू बांधायचे, गावातल्या सगळ्या पुरुषांनी बांबूखाली खांदा द्यायचा, आणि म्हाताऱ्या हम्मादेनं ‘एक, दोन, तीन’ म्हटलं की घर छपरासकट उचलून चालू लागायचं. याची मजुरी कुणी घेत नाही. आज तुझं घर, उद्या माझं. तोवर बायका भात-मासळी रांधतात, केळ्यांचा गोड लगदा केळीच्याच पानात उकडतात, आणि घर नव्या जागी टेकलं की पंगत बसते.

बेद्दूला पंगत फार आवडायची. खांदा द्यायला मात्र आवडत नसे. म्हणून त्यानं एक युक्ती काढली होती. गावात माकू आणि सुकू नावाचे दोन ताडमाड भाऊ होते. बेद्दू नेमका त्या दोघांच्या मधे उभा राहायचा. ते उंच, हा बुटका. त्यातून हा गुडघे जरासे वाकवायचा. बांबू याच्या खांद्याला टेकायचाच नाही. पण तो गाल फुगवायचा, मानेच्या शिरा ताणायचा आणि असा ओरडायचा की नदीपलीकडची म्हैस मान वर करून बघायची.

“लावा जोर! अजून लावा! छाती फुटली तरी चालेल!”

घर खाली ठेवलं की तो गवतावर आडवा पडायचा आणि कण्हायचा. कुणी वारा घालायचं, कुणी शहाळं फोडून द्यायचं. “बेद्दू नसता तर घर हललंच नसतं,” असं लोक म्हणायचे, आणि पंगतीतलं पहिलं ताट त्यालाच मिळायचं. त्याची बायको तेन्री हे सगळं कौतुकानं बघायची.

एका वर्षी पाऊस फार झाला आणि नदीनं वाट बदलली. ती बेद्दूच्या घराकडं सरकायला लागली. आधी तिनं केळीचं बेट नेलं. मग बदकांचा खुराडा नेला. मग एका सकाळी बेद्दू तांब्या घेऊन परसात गेला, तर न्हाणीघर जागेवर नव्हतं.

“उद्याच घर हलवायला हवं,” हम्मादे काठावर उभा राहून म्हणाला. “मशिदीमागच्या उंचवट्यावर नेऊ. घर रिकामं करून ठेव. भाताची पोती, उखळ, पलंग, सगळं बाहेर. आणि आत माणूस नको.”

“एवढंच ना?” बेद्दू म्हणाला. “होऊन जाईल.”

रिकामं करायचं म्हणजे पोती उचलायला हवीत. बेद्दूनं उशा बाहेर काढल्या, भिंतीवरचं घड्याळ काढलं, आणि त्याला धाप लागली. ‘गावभरची माणसं येणार,’ त्यानं विचार केला. ‘चार पोत्यांनी त्यांना काय फरक पडतोय?’ पोती आतच राहिली. उखळही राहिलं.

आणखी एक जण आत राहिलं, ते बेद्दूला ठाऊक नव्हतं. त्याची सासू, सारिपा. म्हातारीची लाडकी कोंबडी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात अंड्यांवर बसली होती. हलवली असती तर ती अंड्यांवरून उठली असती आणि अंडी वाया गेली असती. म्हातारीनं कुणाला न सांगता कोंबडीशेजारी बैठक मारली.

सकाळी सगळा गाव जमला. बांबू बांधून झाले. नदीच्या बाजूचा कोपरा सगळ्यांत अवघड होता, कारण तिथली माती ओली होती. माकू आणि सुकू तिकडं गेले. बेद्दू सवयीनं त्यांच्या मधे जाऊन उभा राहिला. स्वतःचं घर होतं, तरी गुडघे आपोआप वाकले. ‘एक खांदा कमी पडला तर काय बिघडतंय,’ असं तो मनाशी म्हणाला.

“एक, दोन, तीन!”

घर उठलं, पण कुरकुरत उठलं. दोन पावलं गेलं आणि नदीकडं कललं.

“हे घर आहे की गोदाम?” कुणीतरी ओरडलं.

“नदीकडचा कोपरा खचतोय!” हम्मादे म्हणाला. “तिकडं जोर लावा!”

माकू आणि सुकूचे चेहरे वांग्यासारखे झाले होते. मधे बेद्दू गरजत होता, “लावा जोर! छाती फुटली तरी चालेल!”

“छाती राहू दे,” वरून आवाज आला. “आधी खांदा लाव.”

सगळे होते तिथं थिजले. रिकामं घर बोललं होतं. एकानं घाईघाईनं दुवा म्हणायला सुरुवात केली.

“भूत नाही, मी आहे, सारिपा!” म्हातारीनं पट्ट्यांच्या फटीला डोळा लावला होता. “बेद्दू, मला इथून सगळं दिसतंय. तुझा खांदा आणि बांबू यांच्यामधून माझी मूठ जाईल!”

“इंदो!” बेद्दू किंचाळला. तिकडं आईला इंदो म्हणतात, आणि तो सासूलाही इंदोच म्हणायचा. “तुम्ही आत काय करताय?”

“कोंबडी सांभाळतेय. तू काय करतोयस?”

चाळीसेक माणसं खांद्यावर घर घेऊन उभी होती आणि त्या सगळ्यांना एकदमच हसू आलं. घर थरथरायला लागलं. आत उखळ गडगडलं. कोंबडी कलकलाट करायला लागली.

“हसू नका!” हम्मादे जिवाच्या आकांतानं ओरडला. “अरे, हसलात तर घर पडेल! घरी गेल्यावर हसा!”

त्यामुळं तर हसू आणखी वाढलं. लोकांनी ओठ चावले, डोळे मिटले, नाकातून कसलेकसले आवाज काढले. तेवढ्यात मागं काठाचा एक मोठा तुकडा सुटला आणि धप्पकन पाण्यात पडला. नदीकडचा कोपरा आणखी खाली गेला. आत म्हातारी कोपऱ्यापर्यंत घसरत आली, पण तिनं अंडी पदरात धरून ठेवली होती.

आता कुणाला हसू येईना.

बेद्दूला पळून जाता आलं असतं. लाजेनं त्याचे कान तापले होते आणि सगळ्यांचे हात गुंतलेले होते. पण वरच्या फटीत त्याला म्हातारीचा डोळा दिसला, आणि तो डोळा आता भ्यालेला होता.

बेद्दूनं गुडघे सरळ केले. टाचा उंचावल्या. बांबू खांद्यावर टेकला, आणि घर किती जड असतं ते त्याला पहिल्यांदा कळलं. ‘लावा जोर’ असं तो म्हणणार होता. तोंडातून नुसतं “हं” निघालं.

“उठतंय!” माकू म्हणाला.

घर हळूहळू सरळ झालं. एक पाऊल, मग दुसरं. ओल्या मातीतून कोरड्या मातीवर, तिथून पायवाटेवर, मशिदीला वळसा घालून उंचवट्यावर. बेद्दूनं दात घट्ट आवळले, पण खांदा काढला नाही. घर टेकवून लोकांनी मागं वळून पाहिलं, तेव्हा ते सकाळी जिथं उभं होतं ती जागा नदीत गेलेली होती.

मग मात्र सगळे जमिनीवर बसले आणि पोट धरून हसले.

बेद्दू गवतावर आडवा पडला आणि कण्हायला लागला. कुणी वारा घालायला आलं नाही. शहाळंही कुणी फोडलं नाही. त्याचा रोजचाच खेळ चाललाय असं सगळ्यांना वाटलं. म्हातारी तेवढी शिडीवरून उतरली, त्याच्यापाशी आली आणि तिनं त्याचा सदरा बाजूला केला. खांद्याची साल निघाली होती.

“नाही रे बाबांनो,” ती म्हणाली, “आज खरंच दुखतंय याला.”

तिनं खोबरेल मागवलं आणि खांदा चोळायला बसली.

“इंदो,” बेद्दूनं विचारलं, “बाकीच्यांना दर वेळी असंच दुखतं?”

“हो.”

“आणि तरी ते मला वारा घालायचे?”

म्हातारीनं आणखी थोडं तेल घेतलं.

पंगत मांडली गेली. तेन्रीनं पहिलं ताट वाढलं आणि ते कुणाला द्यावं हे न कळून हातात धरून उभी राहिली. बेद्दू उठला. कमरेत वाकून चालत गेला, तिच्या हातातून ताट घेतलं आणि माकूपुढं ठेवलं. मग दुसरं आणून सुकूपुढं ठेवलं.

“मी तुमच्या मधे लपत होतो,” तो म्हणाला. “माझा भार तुम्ही वाहिलात.”

“आम्हाला ठाऊक होतं,” माकू भाताचा घास घेत म्हणाला.

“ठाऊक होतं? मग इतक्या वर्षांत बोलला का नाहीत?”

“घर खांद्यावर असताना बोलायला दम कुठं उरतो?” माकू म्हणाला. “आणि घर खाली ठेवलं की तूच बोलत असायचास.”

यावर सगळ्यांत मोठ्यानं बेद्दूच हसला. पण खांदा दुखला म्हणून लगेच थांबला.

त्यानंतर गावात जेव्हा जेव्हा घर हललं, तेव्हा बेद्दू आदल्या दिवशीच जाऊन त्या घरातली पोती बाहेर काढून यायचा. बांबूखाली तो बुटक्या माणसांच्या रांगेत उभा राहायचा, जिथं भार टाळता येत नाही.

तात्पर्य: कष्टाचा आव आणून चारचौघांची वाहवा मिळवता येते, पण आपलं घर वाचवायची वेळ आली की खराच खांदा लागतो, आणि तो आधीच दुसऱ्यांच्या घरांखाली रापलेला असेल, तर त्या वेळी कमी दुखतो.